डायनिंग टेबलावरचं धर्मयुद्ध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या पिढीतल्या पुण्याच्या बहुतेक मुलांप्रमाणे मीही लहानपणी दिवाळीत किल्ला करत असे. दगड-विटांवर ओलं गोणपाट, त्यावर माती, पायथ्याशी अळीव पेरून केलेली शेतं आणि बुरुजाबुरुजांवर मावळे. पण मावळे मांडून झाले, की पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसे. मी एकदा थोरल्या भावाला विचारलं, "आता लढाई कोण जिंकणार?" तो म्हणाला, "कोण म्हणजे? आपणच!" मग आम्ही फराळाला आत गेलो. लढाई झालीच नाही, कारण लढाईचे नियमच आमच्याकडे नव्हते.

ते नियम मला भेटले थेट बँकेतून निवृत्त झाल्यावर, २०१७ साली. मुलगी इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. परदेशी लेकीकडे गेलेल्या आईवडिलांचा दिनक्रम तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी फिरणं, दुपारी डुलकी, संध्याकाळी नातीला शाळेतून आणणं. नॉटिंगहॅम हे गाव इतिहासात मोठं. राजा पहिला चार्ल्स यानं २२ ऑगस्ट १६४२ रोजी इथंच आपलं निशाण उभारलं आणि इंग्लंडच्या यादवी युद्धाला तोंड फुटलं. त्या गावातल्या एका चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी रात्री काही मंडळी जमतात, असं वाचनालयातल्या फलकावर वाचलं आणि कुतूहलानं गेलो.

आत पाहतो तर पन्नाशी-साठीचे दहा-बारा गृहस्थ टेबलांवर वाकलेले. टेबलांवर हिरवं कापड, कापडावर टेकड्या, कुंपणं, पुठ्ठ्याची घरं आणि बोटाच्या पेराएवढे शेकडो रंगवलेले सैनिक. कोणी टेपनं अंतर मोजतंय, कोणी फासे टाकतंय. मला वाटलं, विचारतील, कुठून आलात, काय करता. पण पहिला प्रश्न आला तो असा : "तुम्ही कोणते नियम वापरता?"

तेव्हा मला हा प्रश्न मजेशीर वाटला होता. आज वाटतं, या छंदातला तोच सर्वांत अवघड प्रश्न आहे.

बुद्धिबळात प्यादं सांगितलेल्या घरात निमूट जातं. लढाईच्या खेळात तसं नसतं. इथं घोडेस्वार किती दूर जाईल, बंदुकीचा बार लागेल की नाही, मार खाल्लेलं पथक उभं राहील की पळेल, हे सगळं कोणीतरी ठरवून पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असा खेळ मांडला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिट्ल वॉर्स' हे छोटं पुस्तक लिहून तो घरच्या जमिनीवर आणला. आज शेकडो नियमपुस्तकं आहेत. त्यातलं प्रत्येक पुस्तक म्हणजे एका माणसाचं युद्धाविषयीचं मत असतं. आपण नियम निवडतो तेव्हा ते मत निवडतो.

परत येताना मी सैनिकांचे दोन डबे आणले. पुण्यात आम्ही चौघं जमलो. मी, एक हाडांचे डॉक्टर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आणि संगणकवाला एक तरुण शेजारी. काळ निवडला युरोपातल्या धर्मयुद्धांचा. म्हणजे १५६२ साली फ्रान्समध्ये कॅथलिक आणि ह्यूगनो, म्हणजे तिथले प्रोटेस्टंट, यांच्यात पेटलेल्या लढायांपासून १६४८ साली जर्मनीतलं तीस वर्षांचं युद्ध संपेपर्यंतचा. जागा अर्थातच आमचं डायनिंग टेबल. सौभाग्यवतींनी टेबल दिलं, पण एक वाक्य ऐकवूनच. "देवाच्या नावावर माणसं मारली, त्याचा खेळ कसला करता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, इतिहास कळतो. त्या म्हणाल्या, "बघू."

आता हा काळ खेळायला अवघड का, ते सांगतो. पायदळाच्या हातात दोन शस्त्रं होती. एक सोळा-अठरा फुटी भाला आणि दुसरी तोड्याची बंदूक. बंदूक भरायला वेळ लागे, तोडा सतत धुमसत ठेवावा लागे, आणि पाऊस आला की पंचाईत. बंदूकवाला बंदूक भरत असताना घोडदळ अंगावर आलं तर त्याला भालेवाल्यांचा आडोसा. म्हणून दोघं एकत्र उभे राहत. स्पॅनिश पद्धतीत मोठाले चौकोन, पुढे डच आणि स्वीडिश पद्धतीत पातळ रांगा. घोडदळातही तीच खळबळ. कोणी जुना भाला धरून धावणारा, कोणी पिस्तूल झाडून मागे वळणारा, कोणी तलवार उपसून थेट घुसणारा. नव्वद वर्षांत हे सगळं बदलत गेलं. मग १५६२ आणि १६४५ या दोन्हींना एकच नियम लावायचे का? इथूनच वादाला सुरुवात.

आमचं पहिलं पुस्तक जाडजूड होतं. त्याचं नाव सांगत नाही. त्यात धर्मनिष्ठेला गुण होते. सैन्य 'कडवं' असेल तर प्रत्येक फाशात एक मिळवायचा. वाचायला झकास वाटलं. धर्मयुद्ध आहे, तर धर्माला गुण हवेतच! चार-पाच शनिवार आम्ही तसं खेळलो. कडवे सैनिक मागे हटत नसत, मरेपर्यंत लढत. मग डॉक्टर म्हणाले, "खरंच असं होत होतं का? की आपल्याला असं वाटायला आवडतं?"

या प्रश्नानं मला वाचायला बसवलं. तीस वर्षांच्या युद्धातल्या एका साध्या शिपायाची रोजनिशी बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली आणि १९९३ साली छापली गेली. त्याचं नाव पेटर हागेनडोर्फ. हा माणूस पंचवीसेक वर्षं युरोपभर चालला. चाल वीस हजार किलोमीटरच्या वर भरते. १६३१ साली सम्राटाच्या कॅथलिक फौजेतून त्यानं प्रोटेस्टंटांच्या माग्डेबुर्ग शहरावर हल्ला केला. त्यात त्याला गोळ्या लागल्या, आणि जळत्या शहरात जाऊन लूट आणली ती त्याच्या बायकोनं. दोन वर्षांनी तो स्वीडिश प्रोटेस्टंटांच्या हाती सापडला, तर त्यांच्याच फौजेत भरती झाला. पुढच्या वर्षी पुन्हा जुन्या पलटणीत परत! त्याच्या रोजनिशीत धर्माच्या वादापेक्षा वाटचाल, भाकरी, आजारपण आणि एकामागून एक दगावलेली लेकरं यांच्याच नोंदी जास्त आहेत. या शिपायाच्या फाशात मी कोणत्या बाजूनं एक मिळवू?

वरच्या पातळीवरही तीच तऱ्हा. फ्रान्सचा कारभार पाहणारा रिशेल्यू हा कॅथलिक चर्चचा कार्डिनल. पण १६३१च्या जानेवारीत झालेल्या तहानं त्यानं प्रोटेस्टंट स्वीडनच्या राजाला पैसा पुरवला, कारण कॅथलिक सम्राट बलिष्ठ व्हायला नको होता. सॅक्सनीचा इलेक्टर ल्यूथरपंथी. तो १६२०मध्ये सम्राटाच्या बाजूनं, १६३१मध्ये स्वीडनच्या आणि १६३५मध्ये पुन्हा सम्राटाच्या. श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही. श्रद्धेपायी घरदार सोडून परागंदा झालेली माणसं हजारोंनी होती. पण श्रद्धा म्हणजे फाशावरचा एक अधिक गुण नव्हे, एवढं पटलं. ते जाडजूड पुस्तक कपाटात गेलं.

मग आम्ही नियम निवडण्यासाठी तीन प्रश्न ठरवले. कोणी या वाटेला जाणार असेल तर उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न, टेबलावर किती मोठी घटना मांडायची? पन्नास माणसांनी धान्याच्या गाड्या लुटल्या, ही एक घटना. पंचवीस हजारांची रणभूमी, ही दुसरी. 'द पाइकमन्स लॅमेंट' हे २०१७चं पुस्तक पहिल्या प्रकारचं. दोन-चार डझन शिपाई, एक अधिकारी, आणि दोन तासांत खेळ आटोपतो. नवशिक्यांना मी हेच सुचवतो. सैनिक कमी रंगवावे लागतात, हा मोठाच फायदा.

दुसरा प्रश्न, सेनापतीच्या हातात किती असावं? 'डे बेलिस रेनॅशिओनिस' या १९९५च्या नियमांत प्रत्येक डावाला फासा टाकायचा, आणि जेवढे पडतील तेवढीच पथकं हलवायची. सगळं करावंसं वाटतं, पण तीनच पडतात. २०१२च्या 'पाइक अँड शॉट'मध्ये आधी हुकूम मोठ्यानं सांगायचा, मग दोन फासे. बेरीज सेनापतीच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर पथक हलतं, बरीच कमी आली तर तिप्पट चाल करतं. जास्त आली तर जागच्या जागी. इंग्रजी यादवीवरच्या 'फॉर किंग अँड पार्लमेंट'मध्ये टेप नाही, टेबलावर चौकोन आखायचे आणि फाशांऐवजी पत्ते ओढायचे.

तिसरा प्रश्न, जिंकलेल्या घोडदळाचं काय होतं? १६४२ साली एजहिलला प्रिन्स रूपर्टच्या घोडदळानं समोरचे स्वार उधळले आणि पाठलाग करत ते रणांगणाबाहेर, शत्रूच्या सामानसुमानापर्यंत गेलं. मागे राजाचं पायदळ एकटं पडलं. क्रॉमवेलचं वैशिष्ट्य असं, की त्याचे स्वार जिंकल्यावर थांबत, पुन्हा रांग धरत. १६४५ साली नेझबीला हाच फरक निर्णायक ठरला. जे नियम घोडदळाला सदा आज्ञाधारक ठेवतात ते या काळाचे नियम नव्हेत, असं माझं मत झालं आहे.

पण मतं टेबलावर तपासावी लागतात. आम्ही एकच लढाई दोन नियमांनी दोनदा खेळायचं ठरवलं. लढाई निवडली द्रूची. फ्रान्समधल्या धर्मयुद्धांची ही पहिली मोठी लढाई, तारीख १९ डिसेंबर १५६२. राजपक्षाकडे पायदळ जास्त, ह्यूगनोंकडे घोडदळ जास्त. राजपक्षाची फळी एपिने आणि ब्लाँव्हील या दोन खेड्यांच्या आधारानं उभी होती.

पहिला सामना 'डे बेलिस'च्या नियमांनी. मी राजपक्ष. फासे इतके कंजूष पडले, की गीझच्या ड्यूकची राखीव फौज हलवायला मला आकडेच उरले नाहीत. ती शेवटपर्यंत ताजी राहिली आणि तिच्या जोरावर मी जिंकलो. गंमत म्हणजे खरा ड्यूकही त्या दिवशी बराच वेळ थांबला होता आणि शेवटी त्यानंच लढाई फिरवली. पण तो ठरवून थांबला, मी नाइलाजानं.

दुसरा सामना 'पाइक अँड शॉट'नं. इंजिनिअरसाहेबांनी ह्यूगनोंच्या घोडदळाला हुकूम दिला, तिप्पट चाल मिळाली, माझी एक बाजू साफ. त्यांना आता घोडदळ वळवून माझ्या स्विस भालेवाल्यांच्या पाठीवर आणायचं होतं. हुकूम दिला, फासे जास्त. पुन्हा दिला, पुन्हा जास्त. घोडदळ माझ्या सामानाच्या गाड्यांपाशी उभं! साहेब भडकले. "धरणाचा दरवाजा मी सांगितला की उघडायचा. हा खेळ आहे की नशीब?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही दरवाज्याला नाही, लुटीला सोकावलेल्या माणसांना सांगताय."

मग मी प्रत्यक्ष काय घडलं ते वाचून दाखवलं. खऱ्या द्रूला ह्यूगनो घोडदळ असंच सामानापर्यंत गेलं. स्विसांनी हल्ल्यामागून हल्ले झेलले. आणि दोन्हीकडचे सेनापती, राजपक्षाचा मोंमोरांसी आणि ह्यूगनोंचा काँदे, एकमेकांच्या शत्रूच्या कैदेत गेले! साहेबांचा राग थोडा उतरला. आम्ही 'पाइक अँड शॉट' ठेवायचं ठरवलं. सेनापतीला चिडवणारे नियमच खऱ्याच्या जवळचे, हा आमचा निष्कर्ष.

इथं माझं भाषण संपायला हवं होतं. पण त्या दुसऱ्या सामन्याच्या वेळी नात नाताळच्या सुट्टीला पुण्यात आलेली होती. वय वर्षं नऊ. ती बराच वेळ टेबलाशी हनुवटी टेकून बघत होती. काडेपेट्यांची केलेली एपिनेची घरं दाखवून म्हणाली, "आजोबा, इथं कोण राहतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही गं. नियमांत हे फक्त आडोसा आहे. आतल्या बंदूकवाल्याला गोळी लागणं कठीण."

"पण घर आहे ना? मग कोणीतरी राहत असेलच."

ती आत गेली, आजीकडून वाटीभर चिंचोके घेऊन आली आणि प्रत्येक गावात पाच-पाच ठेवले. "ही माणसं," म्हणाली. आजीही पाठोपाठ आली होती. ती म्हणाली, "आणि हे तुमचे हजारो शिपाई खातात काय?"

चौघांपैकी कोणीही उत्तर दिलं नाही. आमच्या चारही नियमपुस्तकांत दारूगोळा होता, धैर्य होतं, थकवा होता. भाकरी नव्हती. आणि त्या काळातल्या फौजा जगत होत्या त्या गावांवरच. पगार थकलेला, कोठार मागे राहिलेलं. ज्या गावातून फौज गेली त्या गावाचं धान्य, गुरं, बियाणं गेलं. मग ते सैन्य आपलं असो की परकं. तीस वर्षांच्या युद्धात जर्मन मुलखाची पाचवा हिस्सा ते एक तृतीयांश प्रजा नाहीशी झाली असे अंदाज आहेत, आणि त्यातली बहुतेक माणसं लढाईत नव्हे तर उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. एकट्या माग्डेबुर्गला सुमारे २० हजार माणसं मेली. त्यात शिपाई थोडे. जाक कालो या चित्रकारानं १६३३ साली युद्धातल्या हालअपेष्टांची १८ छोटी चित्रं छापली. त्यातलं एक झाड तुम्ही पाहिलं असेल, फळांसारखी माणसं लटकलेलं. आमच्या टेबलावर अशी झाडं कितीतरी होती. सगळी हिरवीगार.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही एकेकट्या लढाया न खेळता १६३१ आणि १६३२ या दोन वर्षांची सबंध मोहीम मांडली. लाइपझिगच्या आसपासचा मुलूख, २४ गावं, प्रत्येकात पाच चिंचोके. नियम घरचा आणि अगदी साधा. दर महिन्याला तीन पथकांमागे एक चिंचोका जिथं मुक्काम असेल तिथून उचलायचा. तीन चिंचोके गेले, की त्या गावात पुढच्या वर्षी पेरणी नाही. लढायांसाठी 'पाइक अँड शॉट' होतंच. हिशेबाची वही सौभाग्यवतींकडे. चाळीस वर्षं घरखर्च लिहिलेला हात तो. त्यात एक चिंचोका इकडचा तिकडे होणं शक्य नव्हतं.

मी स्वीडनचा राजा होतो. दोन लढाया मी जिंकलो, तेही देखणेपणानं. पण खेळ बदलून गेला होता. मी शत्रूला शोधायचं सोडून न खाल्लेलं गाव शोधत होतो. इंजिनिअरसाहेब तेच करत होते. १६३२च्या उन्हाळ्यात न्यूर्नबर्गजवळ खरा गुस्ताव आडोल्फ आणि खरा वालेनश्टाइन आठवडेच्या आठवडे एकमेकांसमोर तळ ठोकून का बसले, आणि लढण्याऐवजी भूक आणि रोगानं हजारो माणसं का घालवून बसले, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. त्या वाटीकडे बघून कळलं.

खेळातला ऑक्टोबर आला. पुढच्या महिन्यात ल्युत्सेनची प्रसिद्ध लढाई, धुक्यातली, ज्यात तो राजा पडला. मी त्यासाठी मुद्दाम पिंजलेला कापूस आणून ठेवला होता. सौभाग्यवतींनी वहीत बेरीज केली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "नऊ उरलेत. पुढच्या महिन्याला दोघांपैकी कोणालाच पुरणार नाहीत."

"मग कोण जिंकलं?" संगणकवाल्यानं विचारलं.

त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली. त्या पानावर जिंकल्या-हरल्याचा रकानाच नव्हता.

ल्युत्सेन आम्ही खेळलो नाही. खऱ्या युरोपाला मात्र ती वही दिसायला आणखी सोळा वर्षं लागली. म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युक या दोन गावांत वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या, आणि त्या चालू असताना बाहेर लढाई चालूच होती.

श्रोतेहो, कोणते नियम घ्यावेत असं आज मला कोणी विचारलं तर सांगेन, लहान सुरुवात करायची तर 'लॅमेंट', मोठी रणभूमी हवी तर 'पाइक अँड शॉट', आणि विकत घेण्याआधी एकदा कोणाकडे तरी खेळून बघा. पण कोणतंही पुस्तक घेतलंत, तरी त्यात काय लिहिलंय याच्या आधी काय लिहिलेलं नाही ते बघा. आमच्या टेबलावर अजूनही दर शनिवारी फासे पडतात. सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असंच मला वाटतं. फक्त आता सैनिकांच्या डब्यांबरोबर त्या चिंचोक्यांची वाटीही बाहेर काढतात, आणि ती मांडल्याशिवाय आम्ही पहिला फासा टाकत नाही.